हर्षदीप मासेवाला

तामसीत बसमधून उतरून मोतीरामचं घर विचारलं, की समोरचा माणूस उलट विचारायचा, "मासेवाल्याचं का?" मोतीराम उभा जन्म आदिलाबादच्या कचेरीत कारकून. गावातल्या निम्म्या लोकांचे पहाणीचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, कागद त्याच्या हातून गेलेले. पण घराला नाव मिळालं ते पोराच्या माशांमुळे. एखादा नवखा रविवारी सकाळी पिशवी घेऊन यायचा आणि किलोभर रोहू मागायचा. हर्षदीप त्याला मागच्या खोलीत न्यायचा, काचेच्या पेट्यांमधून फिरणारे पिवळे, निळे, बोटाएवढे मासे दाखवायचा. माणूस थक्क होऊन बघत राहायचा आणि शेवटी विचारायचाच, "हे खात नाईत का?"

मी समोरच्या घरात राहतो. गावातल्या मराठी शाळेत मास्तर आहे, हर्षदीप माझ्याच वर्गात शिकला. शिकला म्हणजे जेवढे दिवस शाळेत आला तेवढे दिवस. बाकीचे दिवस तो घरी अंथरुणावर असायचा. कधी गुडघे, कधी पाठ, कधी हाताची बोटं सुजायची, आणि दुखणं असं की अंगावरची चादर सहन व्हायची नाही. लोक वात म्हणायचे, चंपाबाई, म्हणजे त्याची आई, तेल गरम करून चोळायची. त्याच्या आधीची मुलगी, भाग्यश्री, अशाच तापात लहानपणीच गेली होती. तिला काय झालं होतं हे तेव्हा कोणालाच कळलं नाही.

हर्षदीप सातवीत असताना गावात रक्ततपासणीचं शिबिर आलं. तिथं कळलं की त्याला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी मोतीरामला आणि चंपाबाईला समोर बसवून समजावलं. याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून दुखतं. पाणी भरपूर प्यायचं, जड काम नाही, आणि थंडीपासून फार जपायचं. मग त्या दोघांचंही रक्त तपासलं. दोघांकडेही अर्धा अर्धा आजार निघाला. त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता, पण दोघांकडून आलेले अर्धे पोराच्या अंगात एकत्र झाले होते.

चंपाबाईनं डॉक्टरांना एकच विचारलं, "म्हंजे आमीच देल्लं त्याले?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं, बाई." पण ती बाई पुढं अनेक वर्षं ते वाक्य मनात घोळवत राहिली, हे मला तिच्या बोलण्यातून कळायचं.

शेतात जाता येत नाही, पळता येत नाही, पावसात भिजता येत नाही, असा तो मुलगा घरात बसून बसून माशांकडे वळला. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्यवाल्यांनी गावच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडले होते. त्यातले दोन-चार त्यानं बरणीत धरून आणले. बरणीचे माठ झाले, माठाच्या पेट्या झाल्या. बारावी कशीबशी झाली आणि तोवर त्याला आफ्रिकेतल्या तळ्यांतले सिक्लिड मासे माहीत झाले होते. त्या तळ्यांतलं पाणी जड असतं म्हणे. आमच्या बोअरचं पाणीही असं जड, की त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि स्वयंपाकाच्या गंजाच्या बुडाला पांढरा थर बसतो. बायका त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडायच्या. हर्षदीप खूश होऊन मला म्हणाला, "सर, त्या मास्यायले हेच पाणी पायजे. दुसरीकडचे लोक पाण्यात मीठं कालवते त्यायच्यासाठी."

मोतीरामनं मागची पडवी बंद करून दिली. आतून भिंतींना आणि छताला थर्माकोल लावला, दाराला जाड पडदा. पेट्यांमध्ये पाणी गरम ठेवणारे हीटर. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात बाहेर काढवत नाही इतकी थंडी पडते, आणि हे मासे थंडीत मरतात. त्यामुळे ती खोली हिवाळाभर उबदार राहायची. तिथं गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. आणि हर्षदीपचं दुखणं त्या खोलीत कमी झालं. माशांसाठी केलेल्या उबेत त्याचेही सांधे नीट राहू लागले. हिवाळ्यात तो झोपायचाही तिथंच, पेट्यांच्या रांगेखाली गादी टाकून.

या माशांतल्या पुष्कळ जातींची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तीन आठवडे तोंड मिटून राहते, खात नाही, वाळून काडी होते. हर्षदीप अशी मादी ओळखून वेगळ्या पेटीत ठेवायचा. पिल्लं मोठी झाली की पिशव्यांमध्ये पाणी आणि हवा भरून, थर्माकोलच्या डब्यात घालून बसनं मंचेरियलला पाठवायचा. तिथं पंकज नावाच्या माणसाचं दुकान होतं. कोळसा खाणीतल्या नोकरदारांच्या क्वार्टरांत काचेच्या पेट्या ठेवायची हौस होती, त्यामुळे माल खपायचा.

पंकज अधूनमधून स्वतः यायचा. एकदा त्यानं कोपऱ्यातली एक पेटी बघितली. तिच्यात वाकड्या पाठीचे, आखूड कल्ल्यांचे, एका डोळ्याचे असे मासे होते.

"हे कशाला ठेवलेत? असे निघाले की लहानपणीच काढून टाकायचे. सगळे पाळणारे तेच करतात. उगाच दाणा खातात."

"खाऊ द्या," हर्षदीप म्हणाला.

"विकत कोण घेतो हे?"

"विकाचेच नाईत." एवढं बोलून तो दुसऱ्या पेटीतलं पाणी बदलायला लागला. पंकजनं पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या सुमारास आमच्या शाळेत मयूरी नावाची नवी शिक्षिका आली. गुडीहत्नूरची, वडील नव्हते, मोठ्या भावानं शिकवलेली. वर्गात ठेवायला एक माशांची पेटी मिळेल का, असं तिनं मला विचारलं. मी तिला हर्षदीपकडे घेऊन गेलो. पेटी आठवड्यात आली. पण त्यानंतर पाणी गढूळ झालं, मासा सुस्त झाला, पिल्लं झाली, अशी काहीतरी कारणं निघत राहिली आणि शाळा सुटल्यावर मयूरी बाई समोरच्या घरात जाऊ लागल्या. हर्षदीपला मी तोवर इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मला विचारलं, "सर, त्यांचे डोळे पिवळे काऊन दिसते?"

मी त्याच्या आजाराचं सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आमच्या गावात हाय हा आजार. माह्या मावशीच्या घरी हाय." पुढच्या आठवड्यात तिनं आदिलाबादला जाऊन आपलं रक्त तपासून घेतलं. तिच्याकडेही अर्धा निघाला.

कागद घेऊन ती सरळ हर्षदीपकडे गेली. मी तिथंच होतो, माझ्या नातीसाठी मासे निवडत. उठून जायला लागलो तर तीच म्हणाली, "बसा सर, तुमच्यापासून काय लपवाचं."

हर्षदीपनं कागद वाचला आणि घडी करून परत दिला. "मंग झालं," तो म्हणाला. "आपल्याले लेकरं झाले तर निम्म्यायले माह्यासारखं होईन. मी कोनाले हे देनार नाई, मयूरी. मले माईत हाय ना ते काय असते."

"नको देऊ. लेकरं नाई होऊ देनार आपन."

"तुले आज वाटते. पाच वर्षांनी?"

"पाच वर्षांनी मले काय वाटन ते पाच वर्षांनी सांगीन." ती वैतागून बोलली. "आनि तू किती दिवस राहशीन ते बी नको सांगू. मी पुसलं नाई."

मी पिशवीतले मासे बघत बसलो. थोड्या वेळानं हर्षदीप हसला. मी त्याला असं हसताना पुन्हा फक्त लग्नात बघितलं.

लग्नाला मयूरीच्या भावाची आधी ना होती. तो चांगला माणूस होता, बहिणीच्या काळजीनं बोलत होता. मोतीराम त्याला म्हणाला, "तुमी म्हनता ते बरोबर हाय. माही पोरगी असती तर मीबी हेच म्हनलो असतो." कदाचित त्या बोलण्यामुळेच तो तयार झाला. गावच्या बौद्ध विहारात साधं लग्न झालं. वंदना झाली, फुलांचे हार झाले, गावाला वरण-भात आणि बुंदी.

चंपाबाईला सगळं माहीत होतं आणि पटलंही होतं. तरी शेजारपाजारच्या बारशाला गेली की दोन दिवस कोणाशी नीट बोलायची नाही. तिचा राग माशांवर निघायचा. एवढी वीज, एवढा उपसा, घरभर ओलं. एकदा ती खोलीच्या दारात उभी होती आणि मयूरी आत दाणे टाकत होती. एका पेटीत एकटी मादी होती, गाल फुगलेले, पोट आत गेलेलं. दाणे तिच्या तोंडासमोरून खाली गेले तरी ती हलली नाही.

"हे काऊन नाई खात?" चंपाबाईनं विचारलं.

"तिच्या तोंडात लेकरं हायेत, आई. खाल्लं तर गिळल्या जातीन."

चंपाबाई जवळ आली. काचेला नाक लावून तिनं बराच वेळ पाहिलं. मासळीचा जबडा हळूहळू हलत होता, आतली अंडी फिरवत होता. त्या दिवसानंतर ती माशांबद्दल वाईट बोलली नाही. उलट दुपारी भाजी निवडायला त्याच खोलीत बसू लागली. कोणती मादी तोंड मिटून आहे हे तिलाच आधी कळायचं आणि मयूरी शाळेतून घरात यायच्या आत ती तिला दारातच सांगायची.

अशी चार वर्षं बरी गेली. हर्षदीपला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, रक्त चढवावं लागलं, पण तो परत आला. गोळ्या नियमित, पाण्याची बाटली कायम हाताशी. मयूरीनं त्याला फटफटीवर मागं बसवून एकदा मंचेरियललाही नेलं, पंकजच्या दुकानात. आपले मासे दुसऱ्याच्या काचेत बघून आल्यावर तो लहान मुलासारखा मला वर्णन करून सांगत होता.

यंदाच्या जानेवारीत थंडीची लाट आली. आदल्या संध्याकाळी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. इन्व्हर्टरनं रात्र काढली आणि सकाळी तोही बंद पडला. मोतीराम चंपाबाईला घेऊन डोळे तपासायला आदिलाबादला गेला होता. मयूरी शाळेत होती, मीही. तिनं जाताना त्याला बजावलं होतं, रजईतून निघू नको, लाईट येईन दुपारपर्यंत. लाईट आली नाही.

मधल्या सुट्टीत मी घरी आलो तर समोरच्या अंगणात चूल पेटलेली. हर्षदीप मोठ्या गंजात पाणी तापवत होता. ते बाटल्यांमध्ये भरून, बुचं घट्ट लावून तो बाटल्या पेट्यांमध्ये सोडत होता, पाणी कोमट राहावं म्हणून. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या. वारा असा की चुलीचा धूर आडवा पळत होता.

"अरे, बस की तू. मी करतो."

"हात लावा सर जरा. थंड होऊन राह्यलं पानी. ते पिवळे तर खालीच बसले."

मी बाटल्या नेऊ लागलो. त्याला ओटीवर बसवलं, घोंगडी दिली. दोन मिनिटं बसला, पुन्हा उठला. मी शेजारच्या एका मुलाला शाळेत पाठवून मयूरीला बोलावून घेतलं. ती आली, त्याचा ओला स्वेटर काढून कोरडा घातला आणि स्वतः चुलीपाशी बसली. संध्याकाळी लाईट आली. सगळे मासे वाचले होते. हर्षदीप त्या संध्याकाळी फार आनंदात होता, मला हाक मारून त्यानं दाखवलं की पिवळे पुन्हा वर आले.

दोन दिवसांनी त्याला ताप भरला आणि छातीत दुखू लागलं. नेहमीसारखं सांध्यात नाही, छातीत. श्वास घेतला की कळ. रुग्णवाहिकेनं आदिलाबादला नेलं. प्राणवायू लावला, रक्त चढवलं, जे करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मयूरीला जवळ बोलावून विचारलं, "त्या निळ्या मादीनं लेकरं सोडले का?"

मयूरी तीन दिवस घरी गेलीच नव्हती. तरी ती म्हणाली, "हो. सगळे पोहून राह्यले. लय हायेत."

"मोजले का?"

"तू आल्यावर मोजू."

त्या दुपारी हर्षदीप गेला. एकोणतीस वर्षांचा होता.

मयूरीनं नंतर डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी तो भिजला म्हणून झालं का. डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. या आजारात असं काहीही न होताही होतं. मला वाटतं त्यांनी खरं तेच सांगितलं. पण नक्की उत्तर मिळालं नाही, आणि घरातला प्रत्येक जण आपापलं उत्तर घेऊन बसला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, मयूरी शाळेत यायला लागली. मासे तीच बघत होती. एका दिवशी आम्ही दोघं बरोबरच घरी आलो तर चंपाबाई मासेखोलीच्या उंबऱ्यावर बसलेली. आत हवेच्या पंपांचा आवाज नव्हता. पेट्यांमधले बुडबुडे थांबले होते. कितीतरी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते आणि काही आडवे तरंगत होते.

मयूरीनं धावत जाऊन मेन बटन चालू केलं.

"राहू दे बंद," चंपाबाई म्हणाली. आवाज बसलेला होता. "याईनं माह्या लेकाले खाल्लं. त्याले उबीत बसवलं आनि उबीतून ओढून थंडीत नेलं."

 मेलेले मासे मयूरी जाळीनं एकेक काढू लागली. त्यात एक मोठी पिवळी मादी होती. मयूरीनं तिला तळहातावर घेतलं. तोंडातून बारीक पिल्लं बाहेर पडली, डोळे आलेली, पोटाला अजून पिवळा गोळा चिकटलेली. काही हलत होती.

चंपाबाईनं ते पाहिलं. ती उठली, वाटीभर पाणी घेऊन आली आणि वाटी सुनेच्या हाताखाली धरली. पिल्लं वाटीत पडत होती आणि ती म्हणत होती, "मी मारलं व मयूरी. मलेच माईत होतं तिच्या तोंडात हायेत म्हनून. मीच मारलं."

"नाई, आई."

"भाग्यश्रीलेबी मीच देल्लं, त्यालेबी मीच देल्लं."

मयूरीनं वाटी काढून बाजूला ठेवली आणि सासूला धरून तिथंच ओल्या फरशीवर बसली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मोतीराम कचेरीतून आला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. तो चपला न काढता दारात उभा राहिला. वाटीतली पिल्लं जगली नाहीत.

उन्हाळा लागायच्या आत पंकजला बोलावलं. तो गाडी घेऊन आला, येताना हर्षदीपच्या फोटोसाठी हार घेऊन आला. पेट्या रिकाम्या करायला दिवस गेला. कोपऱ्यातले वाकडे मासे त्यानं न सांगताच वेगळ्या डब्यात नीट भरून घेतले. त्यांचं पुढं त्यानं काय केलं ते मी विचारलेलं नाही.

मयूरी त्या घरातच राहिली. भाऊ न्यायला आला तेव्हा ती नाही म्हणाली. सकाळी मोतीरामचा डबा, मग शाळा, संध्याकाळी चंपाबाईबरोबर अंगणात. तिला तसंच राहायचं होतं. पण चंपाबाईनं तिच्या भावाला निरोप धाडला, आणि मग मोतीरामला बरोबर घेऊन मयूरीसाठी स्थळ बघत स्वतः दोन-तीन गावं फिरली. मला ते एका संध्याकाळी कळलं.

"सर, तुमी समजवा तिले," ती म्हणाली. "माह्यासाठी राहून राह्यली ते. मी उद्या मेली तं? तीस वर्षाची बी नाई अजून. मुलाचं रक्त तपासून घेतलं आमी. साफ हाय. तिले लेकरू झालं तं काई भेव नाई."

मी समजावलं नाही. मयूरीनं मला विचारलं तेव्हा एवढंच म्हणालो, की चंपाबाई मनापासून बोलतात. तिला ते माहीत होतंच. दोन महिन्यांनी ती हो म्हणाली.

दिवाळीनंतर गुडीहत्नूरच्या विहारात लग्न झालं. मुलगा पोस्टात कामाला, बायको वारलेली, शांत स्वभावाचा. मोतीराम आणि चंपाबाई मुलीकडच्या बाजूला सतरंजीवर बसले. कन्येकडून कोण म्हणून विचारलं तेव्हा मयूरीच्या भावानं त्या दोघांना पुढं केलं. चंपाबाईनं नवी पांढरी साडी नेसली होती. वंदना तिनं स्पष्ट आवाजात म्हटली. मयूरी पाया पडायला वाकली तेव्हा तिनं तिला अर्ध्यातच धरलं आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. हायवेच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायका घरी निघाल्या होत्या.  मोतीरामनं खिडकीची काच ओढून घेतली, कारण वारा गार झाला होता. मग चंपाबाई म्हणाली, "आता दोघायचाच सयपाक."

"हो," मोतीराम म्हणाला.

"पीठ लय भिजवल्या जाईन बघा माह्याकडून. काई दिवस."

मोतीरामनं तिच्या हातावर हात ठेवला आणि तामसी येईपर्यंत तो काढला नाही.